अडुसष्ट हजारांचं मशीन आणि अर्ध्या चेहऱ्याचा डेमो

पत्र:
संकेश्वरात घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. अकरा वर्षं झाली. थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल, लग्नसराईत नवरीचा मेकअप. आता बसस्टँडजवळ एसीचं नवीन सलून झालंय, तिथं नऊशे रुपयांत 'लाइट फेशियल' करतात. माझी गिऱ्हाइकं विचाराय लागलीत, "अक्का, तुझ्याकडं ते लायटीचं हाय काय?" कोल्हापूरचा एक सप्लायर डेमो देऊन गेला. एकाच ट्रॉलीत सात रंगांच्या लायटीचा मास्क, स्क्रबर, करंटचा पेन आणि केस कायमचे घालवायचं मशीन. शेजारच्या वहिनींच्या अर्ध्या चेहऱ्यावर करून दाखवलं, फरक खरंच दिसला. किंमत अडुसष्ट हजार. पाच हजार अ‍ॅडव्हान्स देऊन बसलेय. बाकीचं बायकांच्या बचत संघातनं कर्ज काढून दोन वर्षांत फेडायचं म्हणते, पुढच्या मीटिंगला अर्ज द्यायचाय. सप्लायर म्हणतो नासाचं तंत्रज्ञान आहे, एफडीए अप्रूव्हड आहे. लेक बेळगावला हॉस्टेलवर राहून शिकते, ती म्हणते आई घे, नाहीतर मागं पडशील. तिनं स्वतःही बारीक सुयांचा रोलर मागवलाय, खोलीतल्या सगळ्या मिळून वापरतात. यजमान म्हणतात सगळं थोतांड आहे. घ्यावं की नको, तेवढं सांगा. नाव छापू नका.
— एक वाचक, संकेश्वर

संकेश्वरच्या अक्का,

गिऱ्हाइकं तुम्हाला अक्का म्हणतात, मीही तेच म्हणते. मशीन घेऊ नका. मीटिंग तोंडावर आहे म्हणून उत्तर आधी देऊन टाकते. अर्ज दिला असलात तर मागे घ्या. कारणं सावकाश वाचा.

यजमान म्हणतात तसं सगळंच थोतांड मात्र नाही. हे मुद्दाम सांगते, कारण सप्लायरचा धंदा या खऱ्या भागावरच चालतो. १९६७ साली हंगेरीत, बुडापेस्टला, एन्द्रे मेस्टर नावाचे डॉक्टर उंदरांवर लाल लेझरचा प्रयोग करत होते. लेझरनं कॅन्सर होतो का, हे त्यांना बघायचं होतं. कॅन्सर झाला नाही, पण प्रकाश दिलेल्या उंदरांचे भादरलेले केस लवकर उगवले. या विषयाची सुरुवात तिथली. पुढं १९९० च्या दशकात, अंतराळात रोपं वाढवायला नासानं जे एलईडी दिवे वापरले, त्यांनी जखमा लवकर भरतात का याच्या चाचण्या झाल्या. 'नासाचं तंत्रज्ञान' ते एवढंच. कोल्हापूरहून आलेल्या ट्रॉलीचा नासाशी काडीचा संबंध नाही.

निळ्या प्रकाशाचा मुरुमांवर थोडाफार उपयोग होतो, हेही खरं. मुरुमांतले जंतू पॉर्फिरिन नावाचं द्रव्य तयार करतात. ४१५ नॅनोमीटरच्या (प्रकाशलहरीची लांबी मोजायचं माप) आसपासचा निळा प्रकाश ते शोषून घेतं आणि त्यातून जंतू मरतात. ६३० च्या आसपासच्या लाल प्रकाशानं बारीक सुरकुत्यांत थोडा फरक पडल्याचंही काही चाचण्यांत दिसलंय. पण थोडा, आणि आठवड्यातून अनेकदा, महिनोन्महिने दिल्यावर. तुमची गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येते, कधी दोन महिन्यांतून. सात रंगांतल्या बाकीच्या रंगांना, म्हणजे डागांसाठी हिरवा, 'ग्लो'साठी पिवळा, आणखी कशासाठी जांभळा, एवढाही आधार नाही. सात हा आकडा दुकानात उठून दिसतो म्हणून आहे.

आणि रंग सांगून भागत नाही. उसाला 'खत टाकलं' म्हटल्यावर शेतकरी विचारतो, कुठलं आणि एकरी किती? प्रकाशालाही हेच विचारावं लागतं. नेमका किती नॅनोमीटरचा, त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॅट पोचतो, किती अंतरावरून, किती मिनिटं? दवाखान्यातल्या पॅनेलची ताकद आणि प्लास्टिकच्या मास्कची ताकद यांत मोठं अंतर असू शकतं. चाचणी एकाची असते आणि विक्री दुसऱ्याची. हे आकडे खोक्यावर किंवा पुस्तिकेत आहेत का, बघा. 'इतके दिवे आहेत' एवढंच लिहिलं असेल तर त्याचा काही उपयोग नाही, दिव्यांच्या संख्येवरून ताकद कळत नाही.

आता डेमोकडं येते, कारण तुमचं मन वळलंय ते तिथं. तुम्ही लिहिलंय, वहिनींच्या अर्ध्या चेहऱ्यावर फरक खरंच दिसला. दिसणारच. आठवून बघा त्यानं काय काय केलं असेल. आधी क्लिन्झरनं पुसलं. मग पाणी मारत स्क्रबरची पाती फिरवली. ती सेकंदाला हजारो वेळा थरथरते, वरचा मळ आणि मृत त्वचा पाण्याबरोबर निघते. मग जेल लावून करंटचा पेन वरच्या दिशेनं ओढला, म्हणजे मसाजच झाला. मग मास्क. शेवटी सीरमचा हात, आणि गोल दिव्यासमोर आरसा. दुसऱ्या अर्ध्या चेहऱ्याला यातलं काहीच मिळालं नाही. तो सकाळपासून चुलीपुढं, गॅसपुढं होता तसाच राहिला, साधा धुतलासुद्धा नाही. वरची त्वचा पाण्यानं फुगली की बारीक रेषा बुजतात, चोळल्यानं रक्त येऊन चेहरा गुलाबी दिसतो. संध्याकाळपर्यंत ते जातं. हा फरक मशीननं केला की पाण्यानं, जेलनं आणि चोळण्यानं, हे त्या डेमोतून कळायची सोयच नाही.

ओलावा मोजायचा पेनही त्यानं दाखवला असेल, बहुतेक जण दाखवतात. आधी तीस, नंतर साठ. ते यंत्र त्वचेच्या वरच्या थराचे विजेचे गुण मोजतं, आणि ओल्या त्वचेवर आकडा चढतोच. मनगटाला नळाचं पाणी लावा, पुसा आणि पेन टेकवा. तिथंही आकडा वर जाईल.

खरी परीक्षा त्याच्यासमोर मागा. वहिनींनाच बसवा. उजव्या बाजूला त्याचं मशीन. डाव्या बाजूला तोच क्लिन्झर, तेच जेल, तेच सीरम, आणि तेवढीच मिनिटं तुमचा हात. गोल दिवा बंद. दारात, दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी पुन्हा काढा. कुठली बाजू कुठली हे न सांगता फोटो दोन-तीन गिऱ्हाइकांना दाखवा. अकरा वर्षं चेहऱ्यांवर फिरलेल्या तुमच्या हातापुढं ते मशीन उठून दिसेल असं मला वाटत नाही. तो या परीक्षेला तयार झाला नाही, तर तेच उत्तर समजा.

एवढ्यावर मी 'पैसे वाया जातील' म्हणून थांबले असते. पण तुमच्या गिऱ्हाइकांचा विचार केला की काळजी वाटते. संकेश्वर, हुक्केरी, निपाणी भागातल्या बायका उन्हात राबतात. उसात, मिरचीच्या रानात, तंबाखूत. बाळंतपणानंतर गालावर आलेले वांग घेऊन तुमच्याकडं येणाऱ्या किती असतील, तुम्हीच मोजा. वांगाला ऊन लागतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही, विशेषतः निळा-जांभळा, सावळ्या त्वचेत रंग वाढवतो, आणि तो काळेपणा बरेच दिवस राहतो. उष्णतेनंही वांग भडकतं. म्हणजे डाग जावेत म्हणून आलेल्या बाईच्या तोंडावर तुम्ही वीस मिनिटं निळा दिवा धरणार, आणि तिचे डाग गडद होणार. ती सप्लायरला शोधत कोल्हापूरला जाणार नाही, तुमच्या दारात येईल.

केस घालवायचं मशीन तर खोलीत येऊच देऊ नका. त्याला आयपीएल म्हणतात. त्यातला झगझगीत प्रकाश काळ्या रंगद्रव्यात शिरतो आणि उष्णता होतो. केसाचं मूळ भाजावं हा हेतू. पण तेच रंगद्रव्य त्वचेतही असतं. गोऱ्या कातडीवर काळा केस असेल तर उष्णता केसात जाते. सावळ्या कातडीत ती कातडीतच अडकते, भाजतं, फोड येतो, आणि मागं महिनोन्महिने न जाणारा काळा डाग राहतो. नावाजलेल्या कंपन्यांच्या घरगुती मशीनच्या खोक्यावर त्वचेच्या रंगांची पट्टी छापलेली असते आणि सगळ्यात गडद रंगावर फुली. ती फुली कुणाकुणावर आहे, हे तुमच्या बाकड्यावर बसलेल्या बायका बघून तुम्हाला लगेच कळेल. 'कायमचे' हा शब्दही खोटा आहे. उत्तम लेझरनंही केस कमी होतात, पुन्हा कधी उगवणारच नाहीत असं नसतं. पिकलेल्या केसांवर तर काहीच होत नाही.

दोन गोष्टी आणखी, ज्या सप्लायर सांगणार नाही. आपल्याकडच्या थोरल्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदण असतं. गोंदणाची शाई तो प्रकाश गपकन शोषते आणि तिथली कातडी भाजून निघते. आणि ज्या मुलींना हनुवटीवर राठ केस येतात, पाळी अनियमित असते, त्यांच्यात अशा प्रकाशानं कधीकधी केस उलटे वाढतात. अशा मुलीला मशीन नको, डॉक्टर हवा. बेळगावात बिम्सच्या सिव्हिल हॉस्पिटलला पाठवा, नाहीतर कोल्हापूरला सीपीआर हॉस्पिटलला. पाळीचं कारण निघालं तर उपचार तिथूनच सुरू होईल.

डोळ्यांबद्दलही थोडक्यात. २०१९ साली न्यूट्रोजिनानं मुरुमांसाठीचा आपला लाइट मास्क बाजारातून परत बोलावला. डोळ्यांचे काही विशिष्ट आजार असलेल्यांना आणि प्रकाश सहन न होऊ देणारी औषधं घेणाऱ्यांना त्यातून इजा होऊ शकते, हे कारण होतं. एवढी मोठी कंपनी मागं सरली, आणि तुमच्या ट्रॉलीवर बनवणाऱ्याचं नाव तरी धड आहे का? मुरुमांच्या गोळ्या चालू असलेली मुलगी तुमच्याकडं येणारच. ती कुठल्या गोळ्या घेते हे विचारायची जबाबदारी तुमच्यावर येईल. करंटचा पेन गरोदर बाईवर, फिट येणाऱ्यावर किंवा छातीत पेसमेकर असलेल्यावर चालत नाही, तेही तुम्हालाच लक्षात ठेवावं लागेल.

'एफडीए अप्रूव्हड' म्हणजे अमेरिकेची एफडीए, औषधं-उपकरणं तपासणारं तिथलं सरकारी खातं. असे मास्क तिथं बहुतेक करून बाजारातल्या जुन्या, तशाच उपकरणाशी तुलना करून विकायची मोकळीक मिळवतात. काटेकोर चाचण्या मागणारी मंजुरी वेगळी असते. आणि ती मोकळीकही एका ठरावीक कंपनीच्या ठरावीक मॉडेलला मिळते, सगळ्या लाल दिव्यांना नाही. त्याला म्हणा, मॉडेलचा नंबर आणि मोकळीक मिळाल्याचा कागद दाखव. सीईचा, म्हणजे युरोपात माल विकायला लागणारा, शिक्का दाखवील, पण कमी जोखमीच्या वस्तूंवर तो बहुतेकदा कंपनी स्वतःच लावते. बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, एमआरपी, माल कुठल्या देशातला, हे हिंदीत किंवा इंग्रजीत छापलेलं असावंच लागतं. नसेल तर बोलणं तिथंच थांबवा.

हिशेबही करून बघा. व्याज किती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते धरून महिन्याला तीन-साडेतीन हजारांचा हप्ता बसेल. लाइटच्या नावानं फेशियलमागं तीनशे जास्त मिळाले, तरी हप्त्यापुरत्याच महिन्याला दहा-बारा गिऱ्हाइकं लाइटची लागतील. आषाढात, भाताच्या लावणीच्या दिवसांत, ती कुठून येणार? आणि अशा वस्तूंची हवा किती टिकते, तेही बघा. क्लॅरिसॉनिकचा थरथरणारा ब्रश एके काळी जगभर गाजला होता. २०११ मध्ये लॉरियलनं ती कंपनी विकत घेतली आणि २०२० मध्ये बंद केली. मोठ्या किमतीचे हँडल घेतलेल्या बायका बदलायचे ब्रश शोधत राहिल्या. तुमच्या ट्रॉलीचे पॅड, वायर, पाती दोन वर्षांनी कुठं मिळणार, विचारा सप्लायरला.

लेकीचं म्हणणं मला पोचतं. तिला तुमची काळजी आहे, आणि ती रोज जे रील बघते त्यांत मशीन नसलेलं पार्लर दिसतच नाही. तिला सांगा, वस्तू फुकट मिळाली असेल किंवा पैसे मिळाले असतील तर तसं स्पष्ट सांगणं जाहिरात करणाऱ्याला नियमानं बंधनकारक आहे. रीलच्या कोपऱ्यात ते लिहिलंय का, एकदा थांबून बघ म्हणावं.

गिऱ्हाईक बसस्टँडजवळच्या सलूनमध्ये का जातं, याचा माझा अंदाज वेगळा आहे. तिथं एसी आहे, आडवं पडायला बेड आहे, आणि अर्धा तास कुणी हाक मारत नाही. लाइट हे पाटीवरचं नाव. कर्ज न काढता, जमेल तसं, एक बरा फेशियल बेड घ्या, कूलर घ्या, खोलीला जाड पडदा लावा. 'अक्कांचं हातांचं फेशियल' अशी पाटी लावा आणि दर थोडा वाढवा. लाइटचं विचारलं तर सरळ सांगा, "वांग असलेल्या तोंडावर मी लाइट मारत नाही गं, डाग वाढतात."

वांगासाठी त्यांना काय द्यायचं, हेही सांगते. ऑस्ट्रेलियात ९०३ माणसांवर साडेचार वर्षं चाचणी झाली, निकाल २०१३ मध्ये आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली. अडुसष्ट हजारांच्या मशीनमागं एवढा भरवशाचा पुरावा मला दिसलेला नाही. वांग असेल तर रंग मिसळलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन सुचवा, ते दिसणारा प्रकाशही अडवतं. आणि रानात जाताना स्कार्फ. आणखी एक गोष्ट मनापासून सांगते: दर गिऱ्हाइकाला विचारा, घरी कुठलं ट्यूब लावतेस? स्टिरॉइडची क्रीमं गोरेपणासाठी सर्रास चोळली जातात. २०१८ मध्ये सरकारनं अशी चौदा क्रीमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतातच. त्यांनी कातडी पातळ होते, लाल होते, केस येतात. तसा चेहरा दिसला तर फेशियलही करू नका, डॉक्टरकडं पाठवा. क्रीम एकदम बंद केलं तरी भडका उडतो, म्हणून तेही डॉक्टरलाच ठरवू द्या.

अ‍ॅडव्हान्सचं. आजच सप्लायरला व्हॉट्सअ‍ॅप करा, फोनवर बोलून सोडू नका: "ऑर्डर रद्द करते. पाच हजार परत करा. मशीनचा आयातीचा परवाना, प्रकाशाचे आकडे आणि एफडीएचा कागद तुम्ही दाखवला नाही." पावतीचा फोटो सोबत पाठवा. तो म्हणेल, तुम्ही धंद्यासाठी घेताय, ग्राहक नाही. त्याला घाबरू नका. स्वतः राबून, स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवायच्या कामाला वस्तू घेतली, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. आणि दुकान महाराष्ट्रात, तुम्ही कर्नाटकात, याचाही अडसर नाही. तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावच्या ग्राहक आयोगात, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन लावा, बऱ्याचदा तेवढ्यानंच पैसे सुटतात.

लेकीचा तो सुयांचा रोलर मात्र आजच बंद व्हायला हवा. एकीच्या चेहऱ्यावर फिरवलेल्या सुया दुसरीच्या चेहऱ्यावर गेल्या की रक्तातून पसरणारे आजार जाऊ शकतात, कावीळसुद्धा. मुरुम असतील तर जंतू चेहराभर पसरतात. गरम पाण्यानं किंवा डेटॉलनं धुतलं म्हणून तो निर्जंतुक होत नाही. त्यातल्या कुणाला कापल्यावर कातडी जाड, उंच होऊन राहत असेल, तर तिला प्रत्येक टोचणीची तशी खूण राहू शकते. रोलर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत घालून टाकायला सांगा, उघडा कचऱ्यात नको, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागेल. तिला रागावू नका, पण रात्रीपर्यंत थांबूही नका. कॉलेज सुटल्यावर लगेच फोन करा आणि खोलीतल्या सगळ्या मुलींना स्पीकरवर ऐकू द्या.